गार म्हणजे नेमकं किती गार? (नळाच्या, माठाच्या आणि बर्फाच्या पाण्याची वेगवेगळी कामं)

रांजण | सोमवार, सकाळी ९:४०

"गार पाणी लाव", "गार पाण्यात टाक", "गार पाण्याचा हबका मार" असं आपण सर्रास म्हणतो, पण 'गार' हा शब्द फार ढिला आहे. मे महिन्यात दुपारी चंद्रपुरात गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी ४० अंशांच्याही वर जातं. माठातलं २२ ते २५, फ्रिजमधलं ५ ते ८ आणि बर्फ तरंगत असलेलं शून्याच्या आसपास. या चारही पाण्यांची कामं निराळी. भाजल्यावर बर्फाचं पाणी नुकसान करतं, आणि पळून पळून उष्माघात झालेल्याला माठाचं पाणी पुरत नाही.

म्हणून या धाग्यावर एकच शिस्त: किती अंश, किती लिटर, किती मिनिटं आणि चुकतं कुठे, तेवढं लिहा. आजीचे आणि शेजारच्या काकूंचे अनुभव दुसऱ्या धाग्यावर.

सुरुवातीला हिशेब, तो सगळीकडे लागणार आहे. १ लिटर पाणी १ अंशाने गार करायचं म्हणजे त्यातून १ किलोकॅलरी काढायची. १ किलो बर्फ नुसता वितळताना ८० किलोकॅलरी ओढून घेतो, मग वितळलेलं पाणी तापताना दर अंशाला आणखी एक. म्हणजे १० लिटरची बादली ३० वरून १० अंशांवर आणायला २०० किलोकॅलरी काढायच्या आणि एक किलो बर्फ ९० काढणार. सव्वादोन किलो बर्फ लागला. फ्रिजमधला एक ट्रे म्हणजे पाव किलोसुद्धा भरत नाही, तो टाकून बादली जेमतेम दोन-अडीच अंशांनी उतरते. "बर्फ टाकला तरी पाणी गार होईना" याचं कारण एवढंच.

वऱ्हाडी | सोमवार, १०:१५

माठाचं मी लिहितो, कारण त्याबद्दल गैरसमज फार.

माठ बर्फासारखा गार करत नाही, झिरपून गार करतो. १ लिटर पाणी वाफ होऊन उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. १० लिटरचा माठ १० अंशांनी उतरवायला १०० लागतात, म्हणजे पावणेदोनशे मिलीलिटर पाणी उडालं की काम झालं. प्रत्यक्षात बाहेरून उष्णता आत येत राहते, म्हणून जास्त उडतं. दिवसभरात माठ अर्धा-पाऊण लिटर 'पितो' म्हणून तक्रार करू नका, तेच त्याचं काम आहे.

पण त्याला मर्यादा हवेची. हवा कितीही तापली तरी माठ ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीच्या पाऱ्याखाली जाऊ शकत नाही. अकोल्यात ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर तो पारा २२ च्या आसपास थांबतो. मुंबईत ३३ अंश आणि ७५ टक्के असेल तर २९ वर. मुंबईकर "आमचा माठ बिघडलाय" म्हणतात, बिघडलेली त्यांची हवा असते.

चुका: माठ ओट्याच्या बंद कोपऱ्यात ठेवणं (वारा लागला पाहिजे, तिवईवर ठेवलात तर बुडालाही लागतो), बाहेरून तेलरंग देणं (छिद्रं बुजली, संपला विषय), साबणाने घासणं (साबण छिद्रांत बसतो आणि महिनाभर पाण्याला वास). काथ्या आणि नुसतं पाणी एवढंच वापरा. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर दोन-तीन उन्हाळ्यांत छिद्रं क्षाराने भरतात, बाहेर पांढरी पुटं येतात, तेव्हा तो माठ झाडांना पाणी घालायला ठेवून नवा आणावा. नवा माठ २४ तास बुडवून ठेवायचा, पहिली दोन पाणी टाकून द्यायची.

जाता जाता: कूलरच्या टाकीत ५ किलो बर्फ टाकणारे. त्या बर्फातून सगळी मिळून पाचशे-एक किलोकॅलरी मिळतात, म्हणजे एक लिटर पाणीसुद्धा उडवल्याइतकी नाही. मोठा कूलर तासाला कित्येक लिटर उडवतो. बर्फाचे पैसे वाचवा, मागची खिडकी उघडी ठेवा.

टाका_टोचा | सोमवार, ११:०५

भाजणं. इथे गार पाणी हेच पहिलं औषध आहे आणि घरोघर तेच चुकतं.

वाहतं, गार (बर्फाचं नव्हे) पाणी, सलग २० मिनिटं. साधारण १५ ते २० अंश उत्तम, २५ पर्यंत चालतं. जमेल तितक्या लवकर, पण उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं नाही. भाजल्यापासून ३ तासांच्या आत केलं तरी फायदा होतो. घड्याळ लावून २० मिनिटं. बहुतेक जण दोन मिनिटांत आग थांबली म्हणून हात काढतात. त्वचेच्या वरच्या थरातली उष्णता गेलेली असते, खालची पेशींना भाजत राहिलेली असते.

पाणी सोडतानाच अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, करदोटा काढा. सूज आली की कापून काढावं लागतं. उकळतं पाणी, चहा किंवा आमटी कपड्यावर सांडली असेल तर कपडा लगेच उतरवा, तो गरम पोटीस होऊन बसतो. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढायचा नाही, त्यावरूनच पाणी. मग स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिक फिल्म सैल आडवी ठेवा (गुंडाळून आवळायची नाही) किंवा स्वच्छ ओलसर सुती कापड, आणि दवाखाना.

बर्फ का नको? रक्तवाहिन्या आक्रसतात, अर्धवट वाचलेल्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो आणि वरवरची जखम खोल होते. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप, बटाट्याचा कीस यांतलं काहीच नाही. तूप आणि पेस्ट उष्णता आत कोंडतात, आणि डॉक्टरला जखम किती खोल आहे ते बघायला ते सगळं खरवडावं लागतं. रुग्ण तेव्हा काय बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लहान मूल असेल किंवा भाजलेला भाग मोठा असेल तर जखम गार आणि मूल उबदार: पाणी फक्त जखमेवर, बाकी अंग पांघरुणात. मापाला रुग्णाचा स्वतःचा तळवा बोटांसकट धरा, तो अंगाच्या सुमारे १ टक्का. दहा तळव्यांहून जास्त भाजलं असेल तर गार करता करताच १०८ ला फोन. चेहरा, हात, सांधे, जननेंद्रियं इथलं भाजणं छोटं असलं तरी दाखवायचंच.

ओसरी | सोमवार, ११:३०

डॉक्टर, दोन शंका. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड. २० मिनिटं वाहतं पाणी म्हणजे पन्नास-साठ लिटर. आणि रांजणरावांनी म्हटलं तसं टाकीचं पाणी ४० अंश असेल तर?

टाका_टोचा | सोमवार, ११:५२

दोन्ही शंका रास्त आहेत.

टाकीचं तापलेलं पाणी वापरायचं नाही. पिंपातलं, हौदातलं, विहिरीचं किंवा माठातलं घ्या. पाणी कमी असेल तर भाजलेला हात पातेल्यात बुडवून ठेवा, दर चार-पाच मिनिटांनी पाणी बदला आणि हात हलवत राहा. स्थिर पाण्यात त्वचेलगतचा थर कोमट होऊन बसतो, म्हणून हलवणं. पाठीला किंवा पोटाला भाजलं असेल तर ओली फडकी, दर दोन मिनिटांनी बदलत. ओतलेलं पाणी खाली परातीत धरून झाडांना घाला, पण वीस मिनिटांतली मिनिटं वाचवू नका.

आणखी एक अपवाद. कळीचा चुना अंगावर पडला तर आधी कोरडाच झटका. थोडकं पाणी पडलं तर तो तिथेच विरायला लागतो आणि स्वतःच्या उष्णतेने भाजतो. झटकून झाल्यावर भरपूर पाणी, अर्धा तास. पानाच्या चुन्याची पुडी किंवा नळी पोरांच्या हातात फुटून डोळ्यात गेली तर एक क्षणही न थांबता पाणी, पापण्या बोटांनी उघड्या धरून, निदान ३० मिनिटं. अडकलेले कण ओल्या कापडाच्या टोकाने टिपा. इथे पाणी किती गार हे बघत बसू नका, मिळेल ते स्वच्छ पाणी. आम्लापेक्षा चुना डोळ्याला वाईट, तो आत आत झिरपत जातो.

ताकपिठ्या | सोमवार, दुपारी २:१०

स्वयंपाकघरातलं गार पाण्याचं सगळ्यात नाजूक काम म्हणजे लोणी. भाजी उकडून गार पाण्यात टाकणं कुणालाही जमतं, लोण्याला पाण्याचे अंश कळावे लागतात.

१ किलो साय, २ चमचे दही, ८ ते १० तास विरजण. मग ४-५ तास फ्रिजमध्ये, ही पायरी लोक गाळतात. सायीतली चरबी आधी थोडी गोठून कणीदार व्हावी लागते. ती पूर्ण पातळ असेल तर घुसळताना थेंब एकमेकांना चिकटत नाहीत. घुसळायला साय १२ ते १६ अंशांच्या दरम्यान हवी. गाईची चरबी मऊ म्हणून खालच्या बाजूला, म्हशीची वरच्या.

घुसळता घुसळता साय फुगते, मग रवीला जड लागते, आवाज बदलतो. त्या वेळी अर्धा ते पाऊण लिटर गार पाणी आणि मूठभर बर्फ. पाच मिनिटांत ज्वारीच्या दाण्याएवढं लोणी वर येतं. इथे थांबा. गोळा होईपर्यंत घुसळत राहिलात तर ताक लोण्याच्या आत अडकतं.

काय बिघडतं:
लोणी येतच नाही, नुसतं पांढरं फेसाळ. साय गरम आहे, बर्फ टाका. मिक्सरमध्ये हे हमखास, कारण भांडं खालून तापतं. दहा-दहा सेकंदांचे फेरे द्या.
लोणी येतं पण भांड्याला आणि हाताला लिबलिबीत चिकटतं. २० अंशांच्या वर गेलंय. ताकातही बरीच चरबी गेली असणार, ताक पिवळट दिसेल.
बारीक कडक कण येतात आणि एकत्र होत नाहीत. फार गार झालं, थंडीत असं होतं. आता बर्फ नव्हे, वाटीभर कोमट पाणी.

मग धुणं. ताक काढून तितकंच गार पाणी घाला, हाताने दाबत फिरवा, ओता. तीन वेळा, शेवटचं पाणी नितळ दिसेपर्यंत. ताकाचे अंश राहिले तर लोणी दोन दिवसांत आंबट वास मारतं आणि कढवताना बेरी जास्त निघते. ज्यांना बेरी साखर घालून खायची असते त्यांनी एकदाच धुवावं, तो त्यांचा प्रश्न.

मुळाक्षरे | सोमवार, २:३४

पाकाची परीक्षाही यात घ्या. वाटीत गार पाणी, त्यात थेंब.

ताकपिठ्या | सोमवार, ३:०५

घेते. साखरेच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटाने गोळा केला आणि मऊ गोळी झाली तर पाक ११२ ते ११६ अंशांवर, वड्यांना योग्य. गोळी टणक झाली तर १२० च्या पुढे. थेंब पडताच काचेसारखा झाला आणि ताटलीवर टाकल्यावर टणकन वाजला तर १४६ च्या वर, म्हणजे चिक्की. पाण्याचं काम थेंब तत्क्षणी गार करणं, म्हणजे थाळीत थापून गार झाल्यावर कसा लागेल ते आत्ताच कळतं. गुळाचा पाक लवकर करपतो, त्याला थर्मामीटरपेक्षा ही वाटीच बरी.

फसतं ते असं: त्याच वाटीत पाचवा-सहावा थेंब टाकला जातो. तोवर पाणी कोमट झालेलं असतं, थेंब पसरतो, "पाक अजून कच्चा" म्हणून पुढे नेला जातो आणि वड्या दगड होतात. दोन थेंबांनंतर पाणी बदला. आणि परीक्षा चालू असताना कढई विस्तवावरून खाली.

पालक, अंडी, पनीर यांचं एका दमात: पालक उकळत्या पाण्यात झाकण न ठेवता १ मिनिट, लगेच बर्फाच्या पाण्यात, उष्णता चालू राहिली तर हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि रंग मेंदीसारखा होतो. अंडी उकडून ५ ते १० मिनिटं गार पाण्यात, बलकाभोवती हिरवं कडं येत नाही. पनीर फाटल्याबरोबर गार पाण्याची धार, लिंबाची आंबटी धुतली जाते आणि पनीर चामट होत नाही. रक्ताचे आणि दुधाचे डाग गार पाण्यानेच, गरम पाण्याने प्रथिन धाग्यात शिजून बसतं.

रांजण | सोमवार, ३:२०

यात भर: उरलेली आमटी किंवा भात रात्री तसाच गॅसवर ठेवणं. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा. ६० वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांच्या आत आलं पाहिजे, मग फ्रिज. भातातल्या जिवाणूंचे बीजाणू शिजवून मरत नाहीत, कोमट भातात ते उगवतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

ऐरण | सोमवार, सायंकाळी ६:४५

स्वयंपाकघर झालं, आता भाता. विळ्याला, कोयत्याला 'पाणी देणं' हा गार पाण्याचा जुना आणि अचूक उपयोग.

पातं नुसतं लाल करून चालत नाही. चुंबक चिकटणं बंद होईपर्यंत तापवा (लोखंड साधारण ७७० अंशांना चुंबकत्व सोडतं) आणि त्याहून किंचित पुढे, ८०० च्या आसपास. अंधारात बघा, उन्हात रंग फसवतो. धारेची बाजू खाली करून सरळ उभी पाण्यात, वर-खाली हलवत. आडवी फिरवली की पातं वाकतं, कारण एक बाजू आधी गार होते.

हलवायचं कशासाठी? तापलेल्या धातूभोवती वाफेचं कवच होतं आणि पाणी अंगाला लागतच नाही. हलवलं की कवच फुटतं. दहा लिटरला एक किलो मीठ घातलं तर ते आणखी लवकर फुटतं. मात्र बर्फाचं पाणी नको: धार आणि पाठ यांच्या गार होण्यात फार तफावत पडून 'टिक्' आवाज येतो. तो आवाज आला की तडा गेला, पातं भंगारात. साधं २५-३० अंशांचं पाणी पुरतं.

पाणी दिल्यावर पातं काचेसारखं ठिसूळ असतं. घासून चकचकीत करा, पाठीकडून हळू तापवा. धारेला पिवळसर गवती रंग आला (२२० ते २३०) की सुरी-विळ्याला योग्य, निळा (३०० च्या जवळ) आला की कोयत्या-कुऱ्हाडीला, जिथे दणका सोसायचा असतो.

दोन गोष्टी लोक विचारतात. बांधकामाची साधी पट्टी कितीही पाणी दिलं तरी कडक होत नाही, तिच्यात पुरेसा कार्बनच नाही, जेमतेम ०.२ टक्क्यांच्या आसपास असतो. आणि ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादाला पाण्याऐवजी तेल द्यावं, पाण्यात ते तडकतं.

प्रयोगवही | सोमवार, रात्री ९:१५

ऐरण यांनी वाफेचं कवच म्हटलं तेच प्रयोगशाळेत उलटं: तिथे पाणी काचेला सगळीकडून लागावं म्हणून बर्फाच्या पात्रात नुसता बर्फ ठेवत नाहीत, बर्फ आणि पाणी मिसळून ठेवतात. नुसत्या खड्यांमध्ये हवा असते, आणि पाणी हवेपेक्षा उष्णता सुमारे पंचवीस पट चांगली वाहतं.

डायझो प्रयोगात (अॅनिलीनपासून रंग बनवण्याच्या) ० ते ५ अंशांची अट का? अॅनिलीनचं डायझोनियम मीठ ५ च्या वर टिकत नाही, नायट्रोजन सोडून फेनॉल होतं. बुडबुडे दिसले की समजा गेलं. म्हणून सोडियम नायट्राइटचं द्रावणही आधी गार करून थेंब थेंब.

ऊर्ध्वपातनात संघनकाला (वाफ गार करून द्रव करणाऱ्या नळीला) पाणी खालून आत, वरून बाहेर. वरून सोडलं तर नळी पूर्ण भरत नाही आणि हवेचे कप्पे राहतात. इथे आपल्याकडचा खास प्रश्न: इथर ३४.६ अंशांना उकळतं. एप्रिलमध्ये नळाचं पाणी ३२ असेल तर इथर संघनकातून तसंच निसटतं आणि खोलीभर पेटती वाफ होण्याची तयारी. उपाय स्वस्त: बादलीत बर्फ-पाणी आणि कूलरचा छोटा बुडीत पंप, तेच पाणी फिरवत ठेवा. पंपाचा प्लग इथरपासून लांब.

तापमापी तपासायची घरगुती रीतही लिहितो. ग्लास बर्फाच्या चुऱ्याने काठोकाठ भरा, फटी भरतील इतकंच गार पाणी घाला, ३-४ मिनिटं थांबा, टोक मधोमध, काचेला न लावता. शून्य दाखवलं पाहिजे. बर्फ वर तरंगतोय आणि खाली नुसतं पाणी आहे अशा ग्लासात करू नका: पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून बुडाशी ४ च्या जवळचं पाणी साचतं आणि चांगली तापमापी उगाच चुकीची ठरते. उकळत्या पाण्यात तपासणाऱ्यांनी गावाची उंची बघावी: पुण्यात पाणी ९८ च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला साडेपंचाण्णवच्या. बर्फाचा शून्य मात्र दोन्हीकडे तोच.

ओसरी | मंगळवार, सकाळी ८:२०

उष्माघाताचं राहिलं. पोलीस भरतीच्या धावण्याच्या सरावात मुलं कोसळतात. माठाचं पाणी पुरत नाही म्हणालात, मग काय?

टाका_टोचा | मंगळवार, ९:३५

ओळख: अंग भट्टीसारखं आणि माणूस बरळतोय, गोंधळलाय किंवा बेशुद्ध. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका. धावून कोसळलेल्याला घाम असतोच. ताप ४० च्या वर असतो, पण काखेतली किंवा तोंडातली तापमापी कमी दाखवते, खरा आकडा गुदद्वारातून.

आधी गार करा, मग हलवा. अर्ध्या तासात खाली आणलं तर मूत्रपिंड आणि मेंदू वाचतात. रुग्णवाहिका बोलावा, पण ती येईपर्यंत वाट बघायची नाही. तरुण धावपटूला सगळ्यात जलद म्हणजे बर्फ-पाण्यात बुडवणं, मिनिटाला साधारण ०.२ अंश उतरतं. टब नसला तर ताडपत्री: पाच-सहा जणांनी कडा उचलून धरायच्या, मध्ये माणूस, ७०-८० लिटर पाणी आणि त्यात बर्फ, ताडपत्री हलवत राहायची म्हणजे पाणी खेळतं. एकाने मागून काखेत हात घालून डोकं वर धरायचं, हे काम फक्त त्याचंच. पाणी १५ अंशांच्या खाली ठेवा. शरीर ३९ च्या खाली आलं की बाहेर, नाहीतर पुढे उलट गारठतं. नीट तापमापी नसेल तर १०-१५ मिनिटं.

ताडपत्रीही नसेल तर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल डोक्यापासून मांड्यांपर्यंत, दर दोन मिनिटांनी बदलत. नुसत्या काखेत आणि जांघेत पिशव्या ठेवून काम होत नाही.

शेतात किंवा घरात लू लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला बुडवणं झेपेलच असं नाही. त्यांना अंगभर पाणी शिंपडून जोरात पंखा. विदर्भाच्या कोरड्या हवेत हे छान चालतं, कोकणात घामच वाळत नाही तर पाणी काय वाळणार, तिथे ओले टॉवेल. पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप मेंदूने ठरवलेला नाही. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

आजाराच्या तापाचं नेमकं उलट. तिथे मेंदूनेच पारा वर ठेवलाय. बर्फाच्या पाण्याच्या घड्या घातल्या की मूल कुडकुडतं आणि कुडकुडून आणखी तापतं. औषध द्या, घड्या घालायच्याच असतील तर साध्या किंवा कोमट पाण्याच्या.

वऱ्हाडी | मंगळवार, ९:५०

मुरगळलं तर? आणि तुटलेलं बोट?

टाका_टोचा | मंगळवार, १०:२०

मुरगळल्यावर पिशवीत बर्फ आणि पाणी दोन्ही, म्हणजे शून्याखाली जात नाही. फ्रीजरमधून काढलेली जेल पिशवी उणे १८ असते, थेट लावली तर कातडी जळते. ओलं फडकं मध्ये, १० ते १५ मिनिटं, दोन तासांनी पुन्हा. वेदना कमी होते हे नक्की. बरं लवकर होतं याची खात्री नाही, म्हणून दिवसभर बर्फ घेऊन बसू नका. वजनं उचलून झाल्यावर रोज गार पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू उलट कमी वाढतात.

मळणी यंत्रात किंवा गुऱ्हाळात बोट तुटलं तर: बोट सलाइनने किंचित ओल्या केलेल्या गॉजमध्ये, ते घट्ट बंद प्लास्टिक पिशवीत, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी गोठून फुटतात आणि जोडायला काही उरत नाही.

कान धुताना पाणी अंगाइतकं, ३७ अंश. गार पाणी गेलं की कानातल्या अर्धवर्तुळाकार नळीतला द्रव गार होऊन जड होतो, वाहतो, आणि मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. तोल तपासायला हीच युक्ती मुद्दाम वापरतात, ३० आणि ४४ अंशांच्या पाण्याने, म्हणजे ३७ च्या सात खाली, सात वर. रॉबर्ट बाराणी यांना १९१४ चं नोबेल याच क्षेत्रातल्या कामाबद्दल मिळालं.

आणि समुद्रात पाकट माशाने नांगी मारली तर गार पाणी नको, सोसेल तितकं गरम (४५ अंशांपर्यंत).

मुळाक्षरे | मंगळवार, ११:०२

जेवणानंतर गार पाण्याने पोटातली चरबी गोठते म्हणतात. आणि दुसरीकडे गार पाण्याने वजन उतरतं.

रांजण | मंगळवार, ११:१५

दोन्ही हिशेबात बसत नाही. १० अंशांचं ३०० मिलीलिटर पाणी ३७ वर आणायला ८ किलोकॅलरी. पोट ते काही मिनिटांत करतं, म्हणून चरबी गोठायला वेळच मिळत नाही. आणि ८ किलोकॅलरी म्हणजे शेंगदाण्याचे दोन-तीन दाणे.

सागरगोटा | मंगळवार, दुपारी १:४०

गार पाण्याने यंत्रंही चालतात, तेवढं नोंदवतो. न्यूकॉमेनच्या १७१२ च्या इंजिनात वाफेने भरलेल्या सिलिंडरमध्ये गार पाण्याचा फवारा मारत; वाफेचं पाणी झालं की ती सोळाशे पट आकसते, पोकळी होते आणि हवेचा दाब दट्ट्या खाली ढकलतो. पण दर वेळी सिलिंडरच गार व्हायचा. १७६५ मध्ये वॉटने गार करायचं भांडं वेगळं केलं आणि इंधन वाचलं.

आपल्याकडे लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर २००५ पासून याच तत्त्वावर गोडं पाणी मिळतं. पृष्ठभागावरचं २८ अंशांचं समुद्राचं पाणी कमी दाबाच्या टाकीत सोडलं की थोडं वाफ होतं. सुमारे ३५० मीटर खोलीवरून लांब नळीने ओढलेलं गार पाणी त्या वाफेला द्रव करतं. रोज १ लाख लिटरची क्षमता. गाळणपडदे नाहीत, म्हणून ते बदलण्याची कटकटही नाही. जीव अडकलेला असतो तो त्या लांब नळीत, लाटांनी ती तुटली की सगळं बंद.

ओसरी | मंगळवार, १:५५

परत ताडपत्रीकडे. सरावाच्या मैदानावर बर्फ किती आणि कसा ठेवायचा?

रांजण | मंगळवार, २:३०

८० लिटर पाणी ३० वरून १२ अंशांवर: १४४० किलोकॅलरी, भागिले ९२, म्हणजे १६ किलो. तापलेलं शरीर आणि ऊन धरून २५ किलो ठेवा. लादी घ्या, चुरा नको, चुरा पाहिजे तेव्हा वितळलेला असतो. थर्माकोलच्या पेटीत किंवा गोणपाट आणि लाकडाच्या भुशात, सावलीत. गरज पडली की गोणपाटातच मोगरीने फोडा, दोन मिनिटांचं काम. मोगरी पेटीलाच बांधून ठेवा, नेमकी तीच सापडत नाही.

बर्फ निळा असेल तरी चालेल, अंगाला बाहेरून लावायचा आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालावा लागतो. तोच बर्फ मुलांच्या सरबतात जाणार नाही एवढं बघा, त्यासाठी वेगळी पेटी.